चूक करून दाखवा

पायरीवर पाय ठेवण्याआधी तिच्यावर काठी आपटून बघणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. पायरी दगडी होती, इंग्रजांच्या वेळची. अख्खा तालुका खोकत-कण्हत तिच्यावरून दवाखान्यात चढत होता. पण मास्तरांचा तिच्यावर भरवसा नव्हता. काठी आपटायची, कान देऊन आवाज ऐकायचा, मगच पाय टाकायचा. बाकावर बसण्याआधी बाक हलवून बघायचा. चहाचा कप रुमालात धरायचा. झोपायला खाट नाही, खाली सतरंजी, कारण जमिनीवरून कोणी पडत नाही असं त्यांचं म्हणणं होतं. आमच्या झाडीपट्टीत राहून त्यांनी मासे सोडले होते, का तर काटा अडकेल. स्वतःच्या कातडीला इतका जपणारा हा माणूस आमच्या दवाखान्यातल्या नोकरांना जिवाला जपायला शिकवण्यासाठी आला होता, आणि त्याच्या शिकवणीपायी आमच्या अनसाबाईचा उजवा हात कामातून गेला. हे आधीच सांगून टाकते. पुढे तुम्हाला हसू येईल, तेव्हा आपण कशाला हसतोय ते ध्यानात असू द्या.

मी तेव्हा त्या दवाखान्यात नर्स होते. वैनगंगेपासून फार लांब नाही असं ते तालुक्याचं गाव. जिल्ह्याचं नाव चांदा. गडचिरोली, एटापल्ली, सिरोंचा सगळं त्याच्याच पोटात. कारभार नागपूरकडून नुकताच मुंबईकडे गेला होता आणि नवी सून आल्या आल्या माळ्यावरची भांडी काढून घासायला बसते, तसे नवे साहेब एकेक योजना काढत होते. त्यातली एक अशी की दवाखान्यात काम करणाऱ्यांना कामावर इजा होऊ नये म्हणून त्यांचे वर्ग घ्यायचे. योजनेला मी नावं ठेवणार नाही. आमच्याकडे इजांना तोटा नव्हता. जंतू मारायच्या कार्बोलिकने हात पोळत, उकळत्या पाण्याने पाय भाजत, सुया टोचत, आणि क्षयाच्या खोलीत झाडणारा माणूस काही दिवसांनी त्याच खोलीत खाटेवर दिसे. योजना चांगलीच होती. तिला माणूस हवा होता, आणि सरकारला मिळाला तो हा.

हा पूर्वी काय करत होता, ते आम्हाला जखमा धुऊन पट्ट्या बांधणाऱ्या आमच्या ड्रेसरकडून कळलं. रहीमभाई ड्रेसर. त्यांच्या घरचं ब्रह्मपुरीच्या बाजारात काकणांचं दुकान होतं, त्यामुळे त्या पट्ट्यातल्या सगळ्या घरांच्या बातम्या त्यांच्याकडे काकणांबरोबर येत. मास्तर म्हणे एका नाटक मंडळीत होते. आमच्याकडे धान घरात आलं की नाटकांचे दिवस येतात. शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, भरला की त्या गावी नाटक ठरलेलंच, आणि लोक पोरंबाळं, घोंगड्या घेऊन जागरण करतात. पण मास्तर नट नव्हते. ते पडद्याआड बसून दुसऱ्यांना वाक्यं सांगायचे. वर्षानुवर्षं राजे झाले ते दुसरे, रडले ते दुसरे, टाळ्या घेतल्या त्याही दुसऱ्यांनीच, आणि हे आत कंदिलापाशी बसून डास मारत राहिले. पुढे कोणाच्या तरी वशिल्याने आरोग्यखात्यात चिकटले. माणसाची हौस पुरी झाली नाही की ती कुठेतरी बाहेर पडते. यांची आमच्यावर पडली.

पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना ओसरीवर उभं केलं आणि 'पात्रांनो' म्हणून हाक मारली. ओसरीला ते रंगमंच म्हणत. बोलणं सगळं नाटकातलं, पुस्तकी. घाबरले की मात्र झाडीबोलीवर येत. एकदा कपाटाखालून विंचू निघाला, तेव्हा "अगा माय, मले वाचवा" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं आणि ते स्टुलावर चढले. स्टूल हलवून बघायचंसुद्धा विसरले.

त्यांच्या शिकवण्यातला आवडता शब्द होता 'समजा'. समजा हा साबण आहे. समजा ही गरम पाण्याची बादली आहे. समजा माझ्या हातात रबरी मोजे आहेत. रबरी मोजे आमच्याकडे होते ते डॉक्टरसाहेबांपुरते. आयांना, झाडूवाल्यांना आणि कपडे धुणाऱ्यांना कधी आले नव्हते. मास्तर रिकामे हात पुढे करून, बोटाबोटावर हवा चढवून, मोजे कसे घालावेत ते इतकं सुरेख दाखवत की पाहणाऱ्याला ते दिसत. अनसाबाईने एकदा विचारलंही, "मास्तर, मोजे कवा येतीन?" मास्तर म्हणाले, "समजा, आले." सगळे हसले. अनसाबाई हसली नाही. तिने आपले उघडे हात बघितले आणि परत धुण्याच्या दगडाकडे गेली.

ही अनसाबाई दवाखान्याचे कपडे, चिंध्या, पट्ट्या धुवायची. जात ढिवराची, नवरा तलावात आणि पाणी असेल तेव्हा नदीत जाळं टाकायचा. तिच्या हातांना रिकामं बसणं माहीत नव्हतं. दुपारी भाकर खाऊन झाली की पिशवीतून फाटलं जाळं काढायची आणि ओसरीच्या कोपऱ्यात विणत बसायची. बोटं अशी चालायची की बघत राहावं. बोलणं मात्र थोडं. मास्तरांनी मासे सोडले आहेत हे तिला खरंच वाटेना. एकदा तिने त्यांच्यासाठी मुद्दाम काटे काढून, सोलून मासा आणला होता. मास्तरांनी तो काठीने हलवून बघितला आणि परत दिला. तिने रागावल्याचं दाखवलं नाही. माझ्या मात्र मनात आलं की त्यांच्या तोंडात एखादा काटा खरंच जावा.

आता त्यांच्या मोठ्या शोधाबद्दल सांगते, कारण सगळं त्याच्यावरच उभं आहे. काही आठवडे 'समजा' करून झाल्यावर मास्तरांच्या लक्षात आलं की लोक जांभया देतात. व्याख्यानाला जांभई देणारा हाच माणूस नाटकाला टक्क जागा असतो. झालं. मास्तरांनी ठरवलं की ज्याला इजा होईल, त्याने सोमवारी ओसरीवर सगळ्यांसमोर उभं राहून ती कशी झाली ते करून दाखवायचं. आधी नीट काम करताना दाखवायचं, मग चूक कशी केली ते दाखवायचं, मास्तर टेबलावर थाप मारतील तेव्हा इजा, आणि शेवटी बघणाऱ्यांकडे तोंड करून म्हणायचं, "चूक माझी होती." अपघात आभाळातून पडत नाही, तो आपल्याच हातून पडतो, हे त्यांचं ब्रीदवाक्य. डॉक्टरसाहेबांनी मान डोलावली. कोणाही नोकराला पट्टी बांधली की तशी वर्दी मास्तरांना द्यायची, असा हुकूमही त्यांनी काढला. डॉक्टरसाहेब स्वभावाने वाईट नव्हते. मान डोलावणं हा त्यांचा आजार होता.

पहिली पाळी आली स्वयंपाकी गोविंदाची. भाताची पेज ओतताना गंज, म्हणजे मोठं पातेलं, निसटला आणि त्याचा पाय भाजला होता. आता आमच्या झाडीपट्टीत कोणत्याही माणसाला चार लोकांसमोर उभं करा, तो नट होतो. आजूबाजूचे लोकही लगेच प्रेक्षक होतात. गोविंदाने रिकामा गंज उचलला, कमरेत वाकला, तोंड वाकडं केलं. मास्तरांची थाप पडली आणि गोविंदा एका पायावर नाचत "मेलो, मेलो" करू लागला. ओसरी हसून लोटपोट झाली. डॉक्टरसाहेबांनी डोळे पुसले. मीही हसले, कशाला खोटं सांगू. तो होताच तसा. मास्तर दाराआडून वाक्यं सांगत होते आणि त्यांचा चेहरा असा फुलला होता की नवरदेवाचा फुलणार नाही.

पण नाटक ओसरीवर संपलं नाही. आठवडी बाजारात गोविंदाच्या मागे पोरं लंगडत फिरू लागली. त्याची बायको पाण्याला गेली की बाया म्हणत, "काऊन गं, पेज सांडली का तुयी?" त्याच्या म्हाताऱ्या सासऱ्याने गावाहून येऊन विचारलं की जावई दवाखान्यात आहेत का तमाशात. गोविंदा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "बाई, पाय भाजला त्याचं काई नाई. थे तं बरं होते. हे काई बरं होत नाई." त्यानंतर त्याचा दंड भाजला तेव्हा त्याने लांब बाह्यांचा सदरा घातला आणि उन्हाळा तसाच काढला.

मग हळूहळू कोणालाच काही लागेनासं झालं. झाडूवाल्याला काच लागत नव्हती, आयांना सुया टोचत नव्हत्या, कार्बोलिकची बाटली कोणाच्या हातावर सांडत नव्हती. रोज सकाळी मास्तर सगळ्यांना रांगेत उभं करून विचारत, "कोणाला काही लागलं?" आणि रांग एका सुरात म्हणे, "नाई मास्तर." शाळेत हजेरी देतात तसं ते तोंडात बसलं होतं. रहीमभाई मला म्हणाले, "सिस्टरबाई, आपल्या इथी आता सगळे लोखंडाचे झाले." त्यांना ठाऊक होतं, कारण लोखंडाची माणसं संध्याकाळी त्यांच्या घरी मागल्या दाराने येऊन पट्ट्या बांधून घेत. मी मास्तरांना तोंडावर सांगितलं की हे लोक लपवतात. ते म्हणाले, "सिस्टर, भीती हाच पहिला गुरू." मी म्हटलं, मग तुमची गरज काय? त्यावर त्यांनी माझ्याकडे अडाण्याकडे बघावं तसं बघितलं. पुढच्याच आठवड्यात चांद्याहून शाबासकी आली की या दवाखान्यात इजा होणं थांबलं आहे.

आणखी एक गोष्ट मी त्यांना सांगितली होती. डॉक्टरसाहेबांना खोड होती: गळू कापलं, पू पुसला की सुरी त्याच चिंधीत गुंडाळून बादलीत टाकायची. मी कितीदा काढून घेतल्या असतील. सांगितलं की ते म्हणत, "अरे हो," आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. मी मास्तरांना म्हटलं, एक वर्ग डॉक्टरसाहेबांचाही घ्या. मास्तर हादरलेच. म्हणाले, "राजाच्या भूमिकेला तालीम नसते."

मी आठवडाभर माहेरी गेले होते, त्या दिवसांत अनसाबाईला लागलं. दगडावर चिंध्या पिळताना आतली सुरी बोटात घुसली. तेव्हा तिच्या मुलीची सोयरीक चालू होती. मुलाकडचे आरमोरीकडचे, मानपानाला कडक. सोमवारी ओसरीवर नाचलेल्या बाईची मुलगी ते करणार नाहीत, असं तिने मनाशी धरलं. गोविंदाचे हाल तिने पाहिलेच होते. रहीमभाईंकडे गेलं तर वाटेत कोणी बघेल, म्हणून तिकडेही गेली नाही. हळद-चुना लावला, चिंधी बांधली, हात पदराखाली घेतला. सकाळी रांगेत मास्तरांनी विचारलं, "कोणाला काही लागलं?" आणि तिनेही सगळ्यांबरोबर म्हटलं, "नाई मास्तर."

मी परतले त्या दुपारी ती धुण्याच्या दगडापाशी पडलेली होती. अंग तापाने तव्यासारखं. पदर बाजूला केला, चिंधी सोडली. बोटांना रंग राहिला नव्हता आणि सूज कोपराच्या वर गेली होती. तिने डोळे उघडून पहिलं काय म्हणावं? "बाई, मास्तरले सांगू नका." मला रडू आलं. आमच्याकडे होतं तेवढं पेनिसिलीन दिलं आणि मोटारीने तिला चांद्याला नेलं. दोन बोटं कापली. उरलेली ताठ झाली, मिटेनात. जीव वाचला हे खरं. पण जाळं विणणारा हात गेला, आणि दवाखान्यात चिंध्या पिळणाराही तोच हात होता.

परत आले तर मास्तर माझी वाट बघत दारात उभे. मला वाटलं, विचारपूस करतील. ते म्हणाले, "सिस्टर, नेमकं कसं कसं झालं ते क्रमाने सांगा, म्हणजे प्रवेश बांधता येईल." त्या घटकेला माझ्या हातात काही जड नव्हतं हे त्यांचं नशीब. मी त्यांना चालते व्हा म्हटलं. ते गेले, पण आधी दाराची कडी नीट बसते का ते हलवून बघितलं.

अनसाबाई बरी होऊन आली तेव्हा प्रश्न उभा राहिला तिच्या नोकरीचा. मास्तरांनी वर कळवलं होतं की इजा नोकराच्या हलगर्जीपणाने झाली आणि शिवाय तिने ती लपवली. असं असलं की हात गेलेल्या माणसाला काढून टाकायला सरकारला काही अडचण नव्हती. नवऱ्याच्या जाळ्यावर उन्हाळ्यात घर चालत नाही. तलाव आटतो, तेव्हा घर तिच्या पगारावर चालायचं. मुलीचं लग्न तोंडावर. म्हणजे ही नोकरी गेली असती तर बाई उघड्यावरच आली असती, आणि हे ती सोडून कोणाच्याही डोक्यात नव्हतं.

तेवढ्यात चांद्याहून मोठे साहेब येणार असं कळलं. एक अनसाबाईची सोडली तर जिथे इजाच होत नाहीत, तो दवाखाना त्यांना बघायचा होता. मास्तरांचं भाग्य उजळलं. ते अनसाबाईकडे गेले आणि म्हणाले, साहेबांसमोर उभी राहा, घडलं ते करून दाखव, शेवटी चूक कबूल कर. चूक कबूल करणाऱ्याला सरकार पोटात घेतं; तुझ्या नोकरीचं मी साहेबांच्या कानावर घालतो. मी तिला म्हटलं, अनसाबाई, नको करू. ती म्हणाली, "मी नाई केलं तं मले कोन ठेवन, बाई? तुमी ठेवान का?" रोज दुपारी मास्तर तिची तालीम घेऊ लागले. उजव्या हाताने तिला काही करता येईना, म्हणून डाव्या हाताने शिकवलं. शेवटचं वाक्य तिच्याकडून पुन्हा पुन्हा घोटून घेतलं. तिचा आवाज बारीक, मागच्यांना ऐकू येणार नाही याची त्यांना काळजी. तिच्या हाताची नव्हे.

साहेब आले. ओसरीवर खुर्च्या मांडल्या. मधे मोठे साहेब, शेजारी डॉक्टरसाहेब, समोर आम्ही सगळे. मास्तर दाराआड. अनसाबाई आली, खाली बसली, डाव्या हाताने चिंध्या पिळू लागली. ओसरीवर पाणी नव्हतं, दगड नव्हता. पण आम्हाला दोन्ही दिसत होतं. मास्तरांची थाप पडली. तिने हात झटकला नाही, ओरडली नाही. नुसतं बोट वर धरून बघितलं. मग समोरची न दिसणारी चिंधी उलगडली आणि त्यातून सुरी काढली. ती सुरी तिने साहेबांच्या खुर्चीसमोर जमिनीवर ठेवली. तालमीत हे नव्हतं. डॉक्टरसाहेबांनी चष्मा काढला.

मग तिने बोटाला चिंधी बांधली, हात पदराखाली घेतला, आणि उठून उभी राहिली. आता पुढे येऊन वाक्य म्हणायचं होतं. तिने तसं केलं नाही. पाठ ताठ केली, न दिसणारी काठी हातात घेतली, आणि मास्तरांच्या आवाजात, त्यांच्याच पुस्तकी बोलीत विचारलं, "कोणाला काही लागलं?"

आणि ओसरीवरचे सगळे, गोविंदा, झाडूवाले, आया, आपसूक एका सुरात म्हणाले, "नाई मास्तर."

म्हणून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. कोणी हसलं नाही. गोविंदाने आपल्या बाहीवरून हात फिरवला. मोठे साहेब आमच्या तोंडांकडे एकेक करून बघू लागले. दाराआडून मास्तरांचा आवाज आला, "चूक माझी होती." परत आवाज आला, जरा मोठ्याने, "चूक माझी होती, म्हण." तो शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेला. अनसाबाई दाराकडे वळली.

"मास्तर, मले टोचलं थे, मी लपवलं थे, का तुमाले नाई म्हटलं थे? मी तं सगळं करून दाखवलं. यातली चूक कोनती, थे तुमी दाखवा."

मास्तर बाहेर आले नाहीत. त्यांना दुसऱ्याची वाक्यं सांगायची सवय. स्वतःचं वाक्य त्यांच्याकडे नव्हतं. शेवटी मोठ्या साहेबांनीच हळू आवाजात डॉक्टरसाहेबांना विचारलं की चिंधीत सुरी कोण टाकतं. डॉक्टरसाहेब चष्मा पुसत राहिले. मग साहेब उठले आणि म्हणाले, या बाईंना कामावरून काढायचं नाही, वॉर्डात पाणी वाटायचं काम द्या. आणि सुऱ्यांसाठी वेगळी थाळी ठेवा. थाळी दुसऱ्या दिवशी आली. इतक्या वर्षांत कोणाला न मिळालेली थाळी आमच्याच कोठीत होती.

इथे संपलं असतं तर मी हे सांगायला बसलेच नसते. जेवताना साहेब मास्तरांना म्हणाले की इतकं जिवंत शिक्षण आपण कुठे पाहिलं नाही. सरकारला दोन उलट्या गोष्टी एकाच ताटावर बसून पटू शकतात. मास्तरांना बढती मिळाली. त्यांनी जंगलातल्या सगळ्या दवाखान्यांतून फिरून असेच वर्ग घ्यावेत, असं ठरलं. निघताना ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "सिस्टर, बाई ताकदीची आहे. शेवट तेवढा फसला." मोटारीत बसण्याआधी चारही चाकांवर काठी आपटून गेले. मी मनात म्हटलं, ब्याद टळली.

पुढच्या महाशिवरात्रीला आमची मार्कंड्याच्या जत्रेत नेमणूक झाली. दरवर्षी असायची, नदीकाठी लाखो लोक, त्यामुळे पटकीची सुई टोचायला आरोग्यखात्याचा तंबू लागे. अनसाबाईला पाणी द्यायला बरोबर नेलं होतं. मुलीचं लग्न झालं होतं, आरमोरीकडेच. पाहुण्यांनी हाताबद्दल एक शब्द काढला नव्हता, हे तिने मला वाटेत दोनदा सांगितलं. सकाळची गर्दी ओसरली तेव्हा शेजारच्या तंबूपुढे पेटी वाजू लागली. तिकडच्या कोण्या दवाखान्याच्या नोकरांना घेऊन मास्तर आले होते. आता नुसत्या नोकरांपुढे नाही, भर जत्रेत खेळ. आम्ही दोघी बघायला जाऊन बसलो.

एक मिशीवाला वॉर्डबॉय लुगडं नेसून आला, खाली बसला आणि चिंध्या पिळू लागला. अनसाबाई माझ्याकडे बघून हसली. तिला वाटलं, आपला मान केला. वॉर्डबॉयने एका गाठोड्यातून सुरी काढली, इकडेतिकडे बघितलं, आणि ती आपणच चिंध्यांत ठेवून विसरला. पेटी जोरात वाजली. टोचलं. मग दुसऱ्या बाजूने काठी आपटत कोण यावं? मास्तर स्वतः. आयुष्यभर पडद्याआड काढलेला माणूस अखेर उजेडात आला होता, तोंडाला रंग लावून. त्यांनी विचारलं, "कोणाला काही लागलं?" बाईने हात लपवला, मास्तरांनी तो प्रेमाने ओढून काढला, बघितला, आणि आकाशाकडे तोंड करून ढसढसा रडले. त्यांनी तिला कडेवर घेतल्यासारखं करून दवाखान्यात नेलं. शेवटी वॉर्डबॉय त्यांच्या पायांवर पडला आणि म्हणाला, "चूक माझी होती, मास्तर." भोवतालच्या बाया पदराने डोळे पुसू लागल्या. कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी उठले. तिथेच, जत्रेसमोर, या माणसाचं सोंग उतरवायचं, लोकांना सांगायचं की हात कोणाचा, सुरी कोणाची आणि रडायचा हक्क कोणाचा. अनसाबाईने उरलेल्या ताठ बोटांत माझा पदर अडकवून मला खाली बसवलं. ती मास्तरांकडे बघतच नव्हती. लुगडं सावरून उठणाऱ्या त्या वॉर्डबॉयकडे बघत होती. तो दोन्ही हात जोडून लोकांना नमस्कार करत होता.

"राहू द्या, बाई," ती म्हणाली. "त्याचे दोनी हात धड आहेत. चूक मायी म्हणून द्याले त्याचं काय जाते."